राजीनामा लिहायचा की नाही: चिकलठाण्यातल्या एका बंद कारखान्याचं प्रकरण

कागद दोन ओळींचा होता. ‘मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव कंपनीच्या सेवेचा स्वखुशीने राजीनामा देत आहे. माझा संपूर्ण हिशोब मिळाला असून कंपनीकडे माझे काहीही येणे बाकी नाही.’ खाली नाव, टोकन नंबर आणि सहीची रेघ. सगळ्यांना एकाच झेरॉक्सच्या प्रती वाटलेल्या. नावाची जागा मोकळी होती, कारणाची मात्र आधीच भरलेली.

मे २०१९ मधली गोष्ट. लोकसभेच्या निकालाला आठ-दहा दिवस बाकी होते. अण्णा तो कागद डब्याच्या पिशवीत घालून माझ्याकडे आले. मी औरंगाबादच्या चिकलठाणा एमआयडीसीतल्या दुसऱ्या एका कंपनीत टाइम ऑफिसला आहे. दिवसभर हजेरी, पगारपत्रक, पीएफ, ईएसआय म्हणजे सरकारी कामगार विमा, हेच काम. त्यामुळे मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत कुणाचा पीएफ अडकला, कुणाचं कार्ड निघालं नाही, की लोक संध्याकाळी येऊन बसतात. अण्णांना मी पंधरा वर्षं ओळखत होतो, पण कामासाठी ते पहिल्यांदाच आले होते.

“एकतीस तारखेला कंपनी बंद होतीया. सव्वातीन लाख एकरकमी देतो म्हणतेत. सही केली की चेक. काय करावं?”

हे प्रकरण त्या एका प्रश्नाचं आहे. कंपनीचं नाव देत नाही. अण्णांचंही नाही, त्यांना सगळे अण्णाच म्हणतात.

कारखाना होता टीव्हीच्या सुट्या भागांचा. अण्णा १९९७ मध्ये हेल्पर म्हणून लागले तेव्हा तिथे योक बनायचे. जुन्या डब्बा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या मानेवर तांब्याच्या तारेचं जे गुंडाळं बसवलेलं असायचं, तो योक. वाइंडिंग मशीनवर तार ताणून धरायची, वेढे मोजायचे, मेणासारख्या रसायनात बुडवायचं आणि मग मीटर लावून तपासायचं. अण्णांच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर तारेचा व्रण अजून आहे. औरंगाबादेत तेव्हा टीव्हीचं मोठं काम चालायचं आणि अशा छोट्या कारखान्यांना दिवसपाळी, रातपाळी दोन्ही पुरत नव्हत्या.

मग १ सप्टेंबर २००४ ला भारत-थायलंड कराराचा पहिला टप्पा सुरू झाला. ८२ वस्तूंवरचं आयात शुल्क तीन हप्त्यांत उतरवायचं ठरलं होतं: पहिल्या वर्षी निम्मं कमी, दुसऱ्या वर्षी पाऊण कमी, आणि सप्टेंबर २००६ पासून शून्य. त्या यादीत रंगीत टीव्ही आणि त्याची पिक्चर ट्यूबही होती. ट्यूब बाहेरून जोडूनच यायला लागली तर मानेवरचा योक इथे कोण घेणार? त्यातच सपाट टीव्ही आला. त्याला ट्यूब नाही, योकही नाही. बँकॉकहून येणारी मंडळी विमानातून टीव्हीच आणायची. ते इतकं वाढलं की सरकारला ऑगस्ट २०१३ मध्ये सामानातल्या सपाट टीव्हीवर शुल्क बसवावं लागलं.

मालकाने हात टेकले नाहीत, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. केबल डिजिटल होत होती, म्हणून तो सेटटॉप बॉक्स आणि एलईडी टीव्हीच्या पॉवर सप्लाय बोर्डाकडे वळला. अण्णा वाइंडिंगवरून सोल्डरिंगला आले. चार-पाच वर्षं बरी गेली. पुढे चीनमधून तयार बोर्ड अशा भावात यायला लागला, की इथे तांबं, फेराइट आणि मजुरी यांचीच बेरीज त्याच्या वर जायची. डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने तयार टीव्हीवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवर नेलं. त्याने टीव्ही इथे जुळवण्याचं काम वाढलं. आतला बोर्ड मात्र बाहेरचाच राहिला. शेवटी एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे बिलं अडकली, बँकेने हात आखडला, आणि मालकाने थांबायचं ठरवलं.

आता सांगा, कारखाना कशाने गेला? आयातीने, तंत्र बदलल्याने, की उधारीने? मी यावर बऱ्याच जणांशी वाद घातलाय. माझं मत असं की तिन्ही एकाच दोरीचे पीळ आहेत आणि ते सोडवून दाखवणं कामगाराचं काम नव्हे. पण आयातीमुळे काम गेलेल्यांना वेगळी मदत द्यायची म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो.

अमेरिकेत अशी वेगळी योजना होती. १९६२ मध्ये आली आणि १९७४ च्या व्यापार कायद्याने तिला नीट रूप दिलं. कुठल्याही कारखान्यातले तीन कामगार मिळून तिथल्या कामगार खात्याकडे अर्ज करू शकायचे. आमच्या कामावर आयातीने घाव घातला, एवढं ‘महत्त्वाचं कारण’ म्हणून ठरलं की त्या गटाला दाखला मिळायचा. मग प्रशिक्षणाचा खर्च, प्रशिक्षण चालू असेपर्यंत भत्ता, दुसऱ्या गावी नोकरी शोधायला प्रवासखर्च. पन्नाशीच्या पुढचा माणूस कमी पगारावर लागला तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा निम्मा भाग दोन वर्षं मिळायचा, त्याला कमाल मर्यादा १०,००० डॉलर. संसदेने मुदत वाढवली नाही म्हणून १ जुलै २०२२ पासून तिथेही नवे दाखले देणं थांबलं. मला त्यातली मोठी गोष्ट पैशाची वाटत नाही. तिथे ‘तुमचं काम आयातीने गेलं’ असा सरकारी शिक्क्याचा कागद मिळायचा. अण्णांच्या हातातला कागद म्हणत होता, ‘वैयक्तिक कारणास्तव’.

आपल्याकडे काही नव्हतंच असं नाही. १५ सप्टेंबर १९८६ पासून खासगी कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी होता. गिरणी कायमची बंद झाली की पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. तो फक्त कापडाचा होता, आणि २०१७ मध्ये ईएसआयच्या बेकारी भत्त्यात मिसळून टाकला. उदारीकरणानंतर, फेब्रुवारी १९९२ मध्ये, राष्ट्रीय नवीकरण निधी काढला. नाव मोठं होतं, पण त्यातला बहुतेक पैसा सरकारी कंपन्यांच्या स्वेच्छानिवृत्तीत गेला आणि २००० मध्ये तो गुंडाळला. चिकलठाण्यातल्या खासगी कारखान्याच्या कामगाराला त्याची झळ ना लाभ.

आणि अँटी-डम्पिंग? दिल्लीत व्यापार उपाय महासंचालनालय आहे. परदेशी माल फार स्वस्तात ओतला जातोय असं सिद्ध झालं तर पाच वर्षं जादा शुल्क लागतं. तक्रार करायला देशातल्या त्या मालाच्या उत्पादनाचा किमान चौथा हिस्सा अर्जदारांकडे लागतो. साठ माणसांच्या कारखान्याला ते दार उघडतच नाही. देशी उद्योगाला इजा झाली का हे ठरवताना जे मुद्दे तपासतात, त्यात ‘रोजगार’ आणि ‘वेतन’ हेही आहेत. म्हणजे कामगाराची नोकरी पुरावा म्हणून लागते. शुल्क वसूल झालं की पैसा सरकारच्या तिजोरीत जातो आणि संरक्षण उद्योगाला मिळतं. पुरावा झालेल्याच्या हाती काही येत नाही.

म्हणून अण्णांच्या बाबतीत ‘कशामुळे’ या प्रश्नाला काही किंमत नव्हती. किंमत होती ‘कोणत्या कागदाने’ याला.

ईएसआयमध्ये १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. मुकुंदवाडीत दहा जणांना विचारा, नऊ जणांना माहीत नसते. कारखाना बंद झाला किंवा कामगारकपात झाली आणि त्याआधी दोन वर्षांची वर्गणी भरलेली असेल, तर बेकारी भत्ता मिळतो. पहिले बारा महिने सरासरी रोजाच्या ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के, शिवाय तेवढ्या काळात घरच्यांसकट दवाखाना चालू. का बंद झाला, चीनमुळे की भाऊबंदकीमुळे, हे योजना विचारत नाही. ही तिची खरी चांगली बाजू. पण राजीनामा दिलेल्याला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला, शिस्तभंगाने काढलेल्याला ती मिळत नाही. संप-टाळेबंदीच्या काळातही नाही.

त्या रात्री मी अण्णांच्या पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन वहीत मांडलं. ते पान अजून माझ्याकडे आहे.

एकूण पगार १७,४००. त्यातला मूळ पगार आणि महागाई भत्ता ११,०००. नोकरी २२ वर्षं.

ग्रॅच्युइटी ११,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले २२: १,३९,६१५. ही राजीनामा दिला तरी मिळणारच. पाच वर्षं झाली की ती हक्काची. बंदीची भरपाई, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार: ८,७०० गुणिले २२, म्हणजे १,९१,४००. एक महिन्याच्या नोटिशीचा पगार १७,४००. इथपर्यंतची बेरीज ३,४८,४१५. म्हणजे जे सव्वातीन लाख ‘उपकार’ म्हणून देत होते ते कायद्याच्या हिशोबापेक्षा तेवीस हजारांनी कमीच होते, कारण त्यांच्या सव्वातीन लाखात ग्रॅच्युइटी धरलेली होती. अण्णांना वाटलं होतं ती वेगळी मिळेल.

याच्यावर ईएसआय. महिन्याला साधारण ८,७०० पहिल्या वर्षी, ४,३५० दुसऱ्या वर्षी. दोन वर्षांत काम नाहीच मिळालं तर १,५६,६००. सगळं धरून ५,०५,०१५.

त्या दोन ओळींच्या कागदाची किंमत अण्णांसाठी १ लाख ८० हजार होती. मी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. अण्णा बराच वेळ वहीकडे बघत बसले आणि म्हणाले, “मंग हे आमाला कुणी सांगितलं का नाही?”

सांगणार कोण? मालकाला गरज नाही. युनियन तिथे दोन हजार सालानंतर नावालाच उरली होती. आणि टाइम ऑफिसवाला मालकाचा माणूस. मी माझ्या कंपनीतल्या लोकांना तरी हे कुठे सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि आणखी चौघं मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, “चीनचा माल काय आमच्या हातात आहे का? परिस्थितीच अशी आली. कायद्याने बघायला गेलं तर तीन महिन्यांचाच पगार बसतो. साहेब मन मोठं करून जास्त देतायत.”

हे अगदीच हवेतलं नव्हतं. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम २५-एफएफएफमध्ये तशी सवलत होती: मालकाच्या हाताबाहेरच्या, टाळता न येणाऱ्या कारणाने कारखाना बंद झाला तर भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी पगारापुरतीच. पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण होतं, आणि मॅनेजरने ते वाचलं नव्हतं किंवा वाचून ठेवून दिलं होतं. नुसती आर्थिक अडचण किंवा तोटा, न विकला गेलेला माल साठणं, भाडेपट्टा किंवा परवाना संपणं, ही ‘टाळता न येणारी’ कारणं धरली जात नसत. आयातीने भाव पाडले तर कारखान्यात दिसतं ते हेच: तोटा आणि गोदामात पडलेला माल. ज्यांनी हे स्पष्टीकरण लिहिलं त्यांच्या डोळ्यासमोर चीन नसणार. पण त्या दिवशी ते वाक्य आमच्या कामी आलं.

तोवर निम्म्याहून जास्त लोकांनी सह्या करून टाकल्या होत्या. त्यांना नावं ठेवायची माझी तयारी नाही. २०१९ चा उन्हाळा आठवून बघा. आदल्या साली पाऊस गेलेला, गावोगाव टँकर, बीडमध्ये चारा छावण्या. एरवी कंपनी सुटली तर माणूस म्हणतो, चला गावाकडं, दोन एकर आहे. त्या साली गावाकडचेच लोक शहरात येत होते. कुणाच्या पोरीचं लग्न तोंडावर, कुणाचं गटाचं कर्ज, जूनमध्ये शाळेची फी. हातातला चेक आणि दोन वर्षं तुकड्या-तुकड्याने येणारा भत्ता यांत माणूस चेकच घेणार. शिवाय मॅनेजरने एक पुडी सोडली होती: सही न करणाऱ्यांचं मॅटर कोर्टात जाईल आणि दहा वर्षं लागतील. औरंगाबादच्या कामगार न्यायालयाच्या जिन्यात म्हातारे झालेले लोक सगळ्यांनी पाहिलेले. म्हणून ती पुडी लागू पडली.

अण्णांसकट वीसेक जण थांबले. कसे थांबले, तर बायकोने थांबवलं. अण्णांची बायको म्हणाली, ज्या कागदावर खोटं लिहिलंय त्याच्यावर सही करून पैसे घेतले तर ते पैसे टिकत नाहीत. मी मांडलेल्या आकड्यांपेक्षा या वाक्याचा परिणाम जास्त झाला, हे मला थोडं लागलं.

हे वीस जण सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात गेले. मी रजा टाकून बरोबर होतो, पण मागे उभा. माझ्याही मालकाचे तिथे लोक येतात-जातात. अधिकाऱ्याने अर्ज वाचला, कायम कामगार किती ते विचारलं, आणि मग कंपनीच्या माणसाला एकच प्रश्न केला: “साठ दिवसांची नोटीस कधी दिली?”

दिलीच नव्हती. तेव्हा शंभर किंवा जास्त कामगार असतील तर बंद करायला सरकारची परवानगी लागायची, ती इथे लागत नव्हती. पण पन्नास किंवा जास्त असतील तर बंद करण्याआधी साठ दिवस सरकारला कारणांसह नोटीस द्यावी लागायची, कलम २५-एफएफए. नाही दिली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाच हजारांना कोण घाबरतो? पण कैद हा शब्द कागदावर आला की मालकाचा वकील सावध होतो. सगळ्यांकडून राजीनामे घ्यायची घाई का होती, तेही मला त्या खोलीत उमगलं. सगळेच ‘वैयक्तिक कारणाने’ गेले तर कारखाना बंद झालाच नाही, मग नोटीस कसली?

कंपनीने नवी नोटीस दिली. तारीख ठरली ३१ जुलै २०१९. थांबलेल्यांना दोन महिन्यांचा पगार मिळाला, त्यातले बरेच दिवस ते मोकळ्या शेडमध्ये पत्ते खेळत बसले. ३१ जुलैला बंदीची भरपाई आणि ग्रॅच्युइटी वेगवेगळ्या चेकने मिळाली. नोटिशीत कारण लिहिलं होतं: ‘स्वस्त आयात व मागणीअभावी उत्पादन परवडत नसल्याने’. मी त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. या सगळ्या प्रकरणात ‘आयात’ हा शब्द छापील दिसला तो एवढ्याच एका जागी.

नंतरचं ईएसआयचं काम कंटाळवाणं होतं, पण अडकवणारं. अण्णांच्या कार्डावर वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं. बंदीच्या नोटिशीची प्रत जोडा, मालकाकडून दाखला आणा, बँकेचा रद्द केलेला चेक द्या. मालकाचं ऑफिस तोवर एका टेबलावर आलं होतं आणि टेबलावरचा माणूस आठवड्यातून दोनदा यायचा. पहिला भत्ता हातात पडायला दिवाळी उलटली.

वर्गणीच्या अटीतही एक गंमत होती. ईएसआयची पगारमर्यादा २०१० पासून १५,००० होती. अण्णांचा पगार २०१५ मध्ये तिच्या वर गेला आणि ते योजनेबाहेर पडले. १ जानेवारी २०१७ ला मर्यादा २१,००० झाली, तेव्हा पुन्हा आत आले. जुलै २०१९ पर्यंत वर्गणीचे एकतीस महिने. कारखाना वर्षभर आधी, २०१८ च्या उन्हाळ्यात बंद झाला असता, तर एकवीस वर्षं नोकरी करूनही परत आत आल्यापासूनची वर्गणी दोन वर्षांचीही झाली नसती. आणि सुपरवायझर, ज्याचा पगार एकवीस हजारांच्या थोडा वर होता, त्याला काहीच नाही. जो सगळ्यांत जुना, ज्याने कारखाना उभा राहताना पाहिला, त्याला दर वर्षीची पगारवाढच नडली.

वाइंडिंगवर एक ताई होत्या. आठ वर्षं त्याच मशीनवर, पण ठेकेदाराच्या. त्यांच्यासाठी ३१ जुलै ही तारीखच आली नाही. त्यांचा कारखाना म्हणजे ठेकेदार, आणि ठेकेदार काही बंद पडला नव्हता. त्याने एवढंच सांगितलं की उद्यापासून येऊ नका. त्यांच्यासाठी त्या वेळी दुसरी योजना होती, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासूनची: आयुष्यात एकदा, नव्वद दिवसांपर्यंत, सरासरी रोजाच्या २५ टक्के. पण अट होती सहा-सहा महिन्यांच्या सलग चार वर्गणी-काळांत प्रत्येकी ७८ दिवसांची. ठेकेदाराने मधे फर्मचं नाव बदललं तेव्हा ताईंचा जुना नंबर चालू ठेवायच्या ऐवजी नवा काढला होता. विमा नंबर खरं तर जन्मभर एकच राहायला हवा. दिवस दोन नंबरांत फाटले. शिवाय अर्ज शेवटच्या मालकामार्फत पाठवायचा, म्हणजे त्याच ठेकेदारामार्फत.

ताई एका पॅकिंगच्या कामाला लागल्या आणि मार्च २०२० मध्ये ते काम लॉकडाऊनमध्ये गेलं. त्या वर्षी केंद्राने अटी सैल केल्या. २४ मार्च २०२० पासून दर २५ वरून ५० टक्के, मालकामार्फत जायची गरज नाही, आणि दिवसांची अटही हलकी. दोन नंबर जोडून घ्यायला मी तीन चकरा मारल्या. ९,८०० पगारावर नव्वद दिवसांचे १४,७०० त्यांच्या खात्यात आले. आयातीने काम गेलं तेव्हा शून्य, रोगाने गेलं तेव्हा चौदा हजार सातशे.

अण्णांच्या घरातही लॉकडाऊनच्या महिन्यांत बाहेरून येणारा पैसा तेवढाच होता, ८,७००. ज्यांनी सव्वातीन लाख घेतले होते त्यांतल्या बहुतेकांचे पैसे तोवर लग्नात, कर्जात, गावाकडच्या बोअरमध्ये गेले होते. दोघांनी पीएफही पूर्ण काढला. तेव्हा काम सुटल्यावर महिन्याने पाऊण रक्कम काढता यायची आणि दोन महिन्यांनी उरलेली. पेन्शनचं तरी राहू द्या, दहा वर्षं झालीत, अठ्ठावन्नला सुरू होईल, हे मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो.

राहिला नव्या कामाचा प्रश्न. ७ सप्टेंबर २०१९ ला, अण्णांचा कारखाना बंद होऊन जेमतेम सव्वा महिना झाला असताना, जालना रोडवर शेंद्र्याला ऑरिक औद्योगिक शहराच्या हॉलचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. अण्णा सभेला गेले होते. शेंद्रा-बिडकीन मिळून दहा हजार एकर. पुढे २०२४ मध्ये बिडकीनसाठी मोठ्या मोटार कंपनीचा २०,००० कोटींचा करारही झाला. काम येतंय, यात खोटं नाही. पण ते कुणासाठी येतंय? मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ चाच, सर्वसाधारण गटाला तेव्हा वय कमाल ४५. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ची, वय १८ ते ३५, बारावीला ६,०००, आयटीआयला ८,०००, पदवीधराला १०,००० विद्यावेतन. २०१९ मध्ये अण्णा सेहेचाळीस वर्षांचे होते. आयात ज्यांची नोकरी खाते ते चाळिशीच्या पुढचे, आणि योजना जिथून सुरू होतात ती मुलं त्यांची. ईएसआयच्या योजनेत प्रशिक्षणाची फी आणि प्रवासखर्चाचीही सोय आहे. मी शाखा ऑफिसात विचारलं तेव्हा टेबलावरच्या माणसाने प्रामाणिकपणे सांगितलं, “साहेब, हे विचारायला येणारे तुम्हीच पहिले.”

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुना कायदा गेला आणि औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे झाली. कलम ८३ मध्ये पुनर्कौशल्य निधी आलाय: काढलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचा पगार भरायचा आणि तो पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचा. बरं वाटलं. मग नेहमीच्या सवयीने शब्द बघत गेलो. तिथे लिहिलंय की हे फक्त कपातीच्या बाबतीत. बंदीच्या नाही. अण्णांचा कारखाना आज बंद झाला असता तर हे पंधरा दिवस त्यांना लागू झाले नसते. आणि पंधरा दिवसांच्या पगारात सेहेचाळिसाव्या वर्षी माणूस नेमकं काय शिकेल, हा प्रश्न मी सध्या बाजूला ठेवलाय.

अण्णांनी मुकुंदवाडीत टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलंय. पॉवर बोर्ड गेला की ते सहसा जुना दुरुस्त करत नाहीत. युनिव्हर्सल बोर्ड बसवतात. तो चीनचा असतो. “स्वस्त पडतो,” ते म्हणतात, आणि वर डोळा मारतात.

माझं काम तेच आहे. दर महिन्याला ईएसआयच्या साइटवर वर्गणी भरताना ज्याचे दिवस शून्य आहेत त्याच्यापुढे कारण निवडावं लागतं. यादी खाली सरकते: २ म्हणजे नोकरी सोडली, १० म्हणजे कपात, ११ म्हणजे काम नाही. गेल्या महिन्यात आमच्याकडे एका लाइनचं काम बाहेरून तयार यायला लागलं आणि ठेकेदाराचे अकरा जण कमी झाले. ठेकेदाराच्या पोराने मला फोन करून विचारलं, कोणता नंबर टाकू? मी म्हणालो, दहा टाक. तो म्हणाला, काका, आमच्याकडं सगळ्यांना दोनच टाकतात.